प्रगतीचे माप : गिरणगावाची जमीन व वरळीच्या चाळी

नगराची वाढ आणि नगराची प्रगती हे दोन शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. इमारत जितकी उंच, तितकी वस्ती पुढे गेली असे मानण्याची सवय सुशिक्षित घरांतूनही पडली आहे. ग्रंथाची पृष्ठसंख्या मोजून त्याची योग्यता ठरविणाऱ्या टीकाकारास आपण हसू. परंतु मजले मोजून वस्तीची योग्यता ठरविणाऱ्यास मात्र आपण व्यवहारज्ञ म्हणतो. वस्तुतः दोन्हीकडे कसोटी एकच असली पाहिजे. कर्त्याने काय साधावयाचे पत्करले होते, ते कोणासाठी, आणि त्यातील किती साधले, हे तीन प्रश्न ग्रंथास विचारावे तसेच वस्तीसही विचारावे.

या दृष्टीने पाहता मुंबईच्या मध्यभागी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या जमिनीवर नवी वस्ती उभारण्याचे दोन प्रयोग आपल्यासमोर आहेत. एक गिरण्यांच्या जमिनीचा, दुसरा वरळीच्या बी. डी. डी. चाळींचा. दोहोंची तुलना बोधप्रद आहे.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवास स्थापिली. पुढील शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सारा मुलूख गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. संप विधिवत् कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थांबल्या, आणि कापडापेक्षा कापडाखालची जमीन मोलाची झाली. ही जमीन थोडीथोडकी नव्हे, सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे ढोबळमानाने तीन समान वाटे ठरविले : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने, हे तुकडे सुटे न ठेवता एकत्र आखावेत, म्हणजे रस्ते, पदपथ व उद्याने यांचा सलग पट साधेल, असे सुचविले. सूचना कागदावरच राहिली. २००१ साली नियम बदलला. वाटणी सर्व जमिनीची नव्हे, तर मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करावयाची असे ठरले. गिरणीचे आवार बहुतांशी शेडांनी व्यापलेले असते. तेव्हा लोकांच्या वाट्यास काय उरले, हे सांगावयास गणिती नको. उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो मान्य केला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. भाषेचा अभ्यास निरुपयोगी मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परिणाम सर्वांसमोर आहे. तुकड्यातुकड्यांनी कचेऱ्या, उपाहारगृहे व मनोरे उठले. त्यांना जोडणारे रस्ते व पूल जुनेच राहिले. पूर्वी पायी गिरणीत जाणारा कामगार आसपासच राहत असे. आता कचेरीत येणारा कारकून विरार, कल्याणहून आगगाडीने येतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २० हून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. या दुर्घटनांस केवळ दैव म्हणून चालणार नाही. वस्ती नवी केली आणि तिच्या वाटा जुन्या ठेवल्या, याचे हे फळ होय. आणि ज्यांच्या श्रमाने ही जमीन मोलाची झाली, त्या कामगारांचे काय? घरासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत २२५ चौरस फुटांची घरे देण्यात आली. पुढे काहींच्या नशिबी पनवेलकडची घरे आली. जुन्या गिरणीच्या जमिनीवर पाय ठेवावयास मिळाला तो फार थोड्यांना.

आता वरळीकडे वळू. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला, आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या; तीनमजली, सिमेंट काँक्रीटच्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली, आणि शौचकूप सामाईक. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी. आरंभी त्यांत भाडेकरूही पुरेसे येईनात. त्याच खोल्यांत पुढे तीन-तीन पिढ्या नांदल्या.

या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. काम रेंगाळले, रहिवाशांच्या मनात शंका राहिल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. घर ५०० चौरस फुटांचे, मालकीचे, आणि त्याच जागी. खर्च निघावयाचा तो उरलेल्या जमिनीवर बाजारभावाने विकावयाच्या इमारतींतून. शंभर वर्षांपूर्वी कामगाराचे घर कापसाच्या गासडीने उभारले. आज ते श्रीमंताच्या सदनिकेने उभारले जात आहे.

दोन प्रयोगांत हा भेद का पडला? शासनकर्त्यांची दया वरळीत अधिक आणि परळात कमी होती, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आमच्या मते कारण साधे आहे. चाळीतला मनुष्य जमिनीवर बसलेला होता. त्यास उठविल्यावाचून एक वीट हलविता येत नव्हती. गिरणीतला मनुष्य दरवाजाबाहेर पडला तेव्हाच त्याचा जमिनीशी संबंध तुटला. त्याच्याजवळ राहिले ते केवळ नैतिक अधिकार, आणि नैतिक अधिकारास सात-बारावर रकाना नसतो. म्हणून पुनर्विकासाचा न्याय योजनेच्या शेवटी वाटावयाचा नसतो. तो आरंभीच, माणूस जागेवर असतानाच, लेखी करून घ्यावयाचा असतो.

येथे आपल्या साहित्यासंबंधी दोन शब्द अवश्य बोलले पाहिजेत. चाळ म्हटली की मराठी वाचकास प्रथम ‘बटाट्याची चाळ’ आठवते. १९५८ चा हा ग्रंथ थोर विनोदाचा नमुना आहे, आणि त्याच्या अखेरीचे चिंतन वाचताना ज्याचे मन हलले नाही असा वाचक विरळा. तथापि त्या हळहळीचा वारसा घेऊन आज जे चाळीच्या पडण्याबद्दल अश्रू ढाळतात, त्यांतील पुष्कळांनी पहाटे शौचकूपाच्या रांगेत उभे राहण्याचा प्रसंग अनुभवलेला नसतो. १६० चौरस फुटांत सून, सासू व शिकणारी मुले यांनी काढलेले आयुष्य ही केवळ जिव्हाळ्याची कथा नव्हे. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. संपानंतरच्या कामगार कुटुंबाची पडझड दाखविताना ते खोलीला देऊळ बनवीत नाही. चाळ गेली म्हणून संस्कृती बुडाली असे म्हणणे जितके खोटे, तितकेच मनोरा आला म्हणून संस्कृती वाढली असे म्हणणेही खोटे.

म्हणून वरळीच्या प्रयोगास आम्ही पसंती देतो ती राखून. किल्ली हाती आली हा परीक्षेचा आरंभ होय, निकाल नव्हे. उंच इमारतीत उद्वाहक, पाण्याचे पंप व आगीपासून संरक्षणाची साधने यांचा खर्च दरमहा येतो. निवृत्त कामगाराच्या मिळकतीस तो किती वर्षे पेलेल? न पेलल्यास तो घर विकून दूर जाईल, आणि ज्यास गिरण्यांनी सक्तीने बाहेर काढले त्यास येथे हिशेब सभ्यपणे बाहेर काढील. चाळीचा व्हरांडा ही रस्ता, अंगण व सभागृह अशी तिहेरी जागा होती. बंद दारांच्या मजल्यावर तिची उणीव कशाने भरून निघेल, याचा विचार नकाशात दिसला पाहिजे. आणि विक्रीच्या इमारतींत येणारी नवी कुटुंबे व जुने रहिवासी एकाच मैदानावर मुले खेळावयास पाठवितात की मध्ये भिंत उठते, हेही पाहावे लागेल.

श्रीरामपुरात बसून मुंबईची ही चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे गावच मुळी नव्या भूमीवरील नगर आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील एका स्थानकाभोवती, कालव्याच्या पाण्यावर आणि उसाच्या पैशावर ते वाढले. स्थानकाच्या पाटीवर अद्याप ‘बेलापूर’ हेच नाव आहे, आणि वस्त्या आपण आजही वॉर्डांच्या क्रमांकांनी ओळखतो. हरेगावचा साखर कारखाना थांबला, पण त्याच्याभोवती वाढलेली माणसे राहिली. बाजारपेठेतील जुनी घरे, बंद पडलेल्या उद्योगांची आवारे, शेती महामंडळाच्या जमिनी, यांवर उद्या काय उभे राहावे हा प्रश्न आपल्याही दाराशी येणार आहे. त्या दिवशी आपण नकाशावरील रंग पाहून भुलणार, की जमिनीवर आज कोण उभा आहे हे आधी विचारणार? गिरणगावाने हा प्रश्न उशिरा विचारला. वरळीस तो वेळेवर विचारणे भाग पडले. आपल्यासमोर दोन्ही उत्तरे आहेत, आणि तिसरी सबब उरलेली नाही.