शंकर लक्ष्मण: मुखवट्याआधीचा गोलरक्षक

मेलबर्न 1956, रोम 1960, टोकियो 1964. ऑलिंपिक हॉकीच्या या तिन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर पाकिस्तान होता आणि तिन्ही सामन्यांत एकेकच गोल झाला. मेलबर्नला रणधीरसिंग जेंटल यांचा, रोमला पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांचा, टोकियोला मोहिंदर लाल यांचा. हॉकीच्या इतिहासावर कोणी दोन पाने लिहिली तरी त्यांत ही नावे येतात. तिन्ही वेळा भारताच्या गोलात एकच माणूस उभा होता, शंकर लक्ष्मण, आणि तिन्ही अंतिम सामने मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला, हा हिशोब मात्र सहसा कोणी मांडत नाही. झालेला गोल गुणफलकावर चढतो. न झालेल्या गोलासाठी तिथे रकानाच नसतो.

लक्ष्मण महूचे. लष्करात शिरले ते बँडवाले म्हणून, आणि पलटण कोणती, तर बेळगावला केंद्र असलेली मराठा लाइट इन्फंट्री. सुरुवातीला ओढा फुटबॉलकडे होता. हॉकी पलटणीत आल्यावरची. 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते आणि सुवर्णपदक भारताकडे आले. गोलरक्षकाकडे संघाचे नेतृत्व देणे ही त्या वेळी अगदी नवी गोष्ट होती. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री हे सगळे झाले. 2006 मध्ये महूलाच ते वारले, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत. मराठ्यांच्या पलटणीच्या पराक्रमाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात या माणसाला एखादा परिच्छेद मिळायला हरकत नव्हती.

त्या काळच्या छायाचित्रांत हॉकीचा गोलरक्षक दिसतो तो पायांना पॅड, हातांत मोजे आणि उघडा चेहरा असा. मागे 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच गोल, समोरून दीडशे ग्रॅमहून जड टणक चेंडू.

बर्फावरच्या हॉकीतला गोल याच्या निम्म्या रुंदीचा असतो. तिथली रबरी चकती वजनाने आपल्या चेंडूच्याच आसपासची, पण ती वरचेवर हवेत उडते. रोमच्या अंतिम सामन्याआधी दहा महिने, 1 नोव्हेंबर 1959 ला, न्यूयॉर्कमध्ये माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर अशीच एक चकती आदळली. टाके घालून घेतल्यावर मुखवट्याशिवाय परत खेळायला त्याने नकार दिला. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा पसंत नव्हता. चेहरा झाकणारा गोलरक्षक भित्रा, अशी तेव्हाची समजूत होती. प्लांत मुखवटा घालून उतरला, सामना जिंकला आणि मुखवटा रूढ झाला.

पुढे त्या मुखवट्यांवर चित्रे आली. त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बोस्टन ब्रुइन्सच्या गेरी चीव्हर्सचा. जिथे जिथे चकती लागली, तिथे तिथे त्या पांढऱ्या मुखवट्यावर काळे टाके रंगवले जात. मुखवटा नसता तर चेहऱ्यावर पडले असते ते टाके. याकडे लोक गंमत म्हणून पाहतात, पण ही एक नोंदवही आहे. टळलेल्या जखमांची, म्हणजे न घडलेल्या गोष्टींची नोंद. आपल्या गुणफलकात नसलेला रकाना या माणसाने तोंडावर बांधला होता. तिकडच्या मुखवटाप्रेमी संग्राहकांचे रंगांचे आणि चित्रांचे कौतुक पुष्कळदा वरवरचे असते, हे मान्य. तरी मुखवट्याच्या निमित्ताने त्यांना गोलरक्षकांची नावे पाठ असतात.

आपल्याकडे मुखवटा उशिरा आला, त्याला खेळाचे कारण आहे. गवतावरच्या हॉकीत चेंडू बहुतेक जमिनीलगत राही आणि धोकादायक रीतीने उचलला तर नियमाने खेळ थांबे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले, वेग वाढला, नंतर ड्रॅगफ्लिक आली, आणि जाळीचे शिरस्त्राण अटळ झाले. गोलरक्षक विस्मरणात गेला त्याचे कारण मात्र खेळात सापडत नाही. ते आपल्या गोष्ट सांगण्याच्या सवयीत आहे.

उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलेच घेऊ. 2007 चा ‘चक दे! इंडिया’. त्यातल्या कबीर खानच्या मागे मीररंजन नेगी आहेत, असे सर्रास बोलले जाते. पटकथाकार जयदीप साहनी यांनी ही नेगींची चरित्रकथा नसल्याचे सांगितले आहे. पण नटमंडळींना हॉकी शिकवली ती नेगींनीच. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारत अंतिम सामना पाकिस्तानकडून 1-7 असा हरला, तेव्हा गोलात नेगी होते. देशद्रोहाचे आरोप त्यांच्या वाट्याला आले. (त्याच स्पर्धेत पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी सुवर्णपदक मिळवले. त्याची आठवण 1-7 च्या दहावा हिस्सादेखील निघत नाही.)

चित्रपटातला कबीर खान मात्र गोलरक्षक नाही, आघाडीचा खेळाडू आहे. त्याचा अपराध म्हणजे हुकलेला एक पेनल्टी स्ट्रोक. पडद्यावर हे सोपे जाते: एक क्षण, एक फटका, एक माणूस. सात गोल होण्यात मधली फळी असते, बचाव असतो, सगळा संघ असतो. दोष तेवढा शेवटच्या माणसावर साचतो. नेगींवर झालेला अन्याय नेमका हाच होता, आणि नायकाची जागा बदलताच तो कथेतून निसटला.

याच चित्रपटात विद्या शर्मा ही महिला संघाची कर्णधार आहे आणि गोलरक्षकही आहे. ती भूमिका विद्या माळवदेची. अंतिम सामन्याचा निकाल तिच्या बचावावर ठरतो. इथे तरी गोलरक्षकाला न्याय मिळावा! पण चेंडू कुठे येणार हे ओळखतो बाहेर उभा असलेला कबीर खान, आणि ती त्याचा इशारा पाळते. गोलरक्षकाची खरी विद्या म्हणजे हा अंदाज. समोरच्याचा खांदा, मनगट, पाऊल वाचून क्षणार्धात घेतलेला निर्णय. तो तिच्याकडून काढून प्रशिक्षकाला दिला आहे. चित्रपट मलाही आवडतो, पण या प्रसंगी मी दर वेळी चरफडतो.

पुण्यात हॉकी म्हटले की खडकी आणि खडकी म्हटले की धनराज पिल्ले, हे रास्तच आहे. 1998 ला बँकॉकमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली सुवर्णपदक आले. त्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाल्यावर टायब्रेकरमध्ये स्ट्रोक अडवले मुंबईत जन्मलेल्या आशिष बल्लाळने.

अलीकडे थोडा फरक पडला आहे. टोकियोच्या कांस्यपदकानंतर गोलपोस्टावर चढून बसलेला श्रीजेश घरोघरी पोहोचला, आणि पॅरिसनंतर त्याचा 16 क्रमांक दुसऱ्या कोणाला न देण्याचे ठरले. त्याच टोकियो शहरात 1964 ला सबंध अंतिम सामना पाकिस्तानला एकही गोल न करू देणारा माणूस उघड्या चेहऱ्याने उभा होता.