नऊ डॉलरची गोष्ट

२०१९च्या जूनमध्ये ‘ब्लूमबर्ग’ची एक बातमी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाच्या सॉफ्टवेअरचं काही काम तासाला अगदी ९ डॉलरवर राबणाऱ्या कंत्राटी इंजिनिअरांकडे गेलं होतं, आणि बातमीत दोन भारतीय कंपन्यांची नावं होती. मी तेव्हा हिंजवडीत टेस्टिंग करत होते. कुणीतरी लिहिलं, ‘आपल्यापेक्षा जास्तच आहे की!’ चार हसरे चेहरे आले आणि ग्रुप एकदम गप्प झाला.

रोरी केनेडी यांचा ‘डाउनफॉल: द केस अगेन्स्ट बोइंग’ (नेटफ्लिक्स, २०२२) मी पाहिला तो त्या गप्प होण्यामुळे. विमानं पाडणाऱ्यांत आपणही होतो का, हे मला कळून घ्यायचं होतं.

माहितीपट एक काम फार नेटकं करतो. २९ ऑक्टोबर २०१८ला लायन एअरचं विमान जावाच्या समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. लगेच संशयाची सुई वैमानिकांकडे वळली: परदेशी, कमी शिकलेले. कॅप्टन दिल्लीचा होता. त्याची पत्नी कॅमेऱ्यासमोर बोलते तेव्हा तो संशय किती स्वस्त होता ते कळतं. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी ‘एमकॅस’ नावाची यंत्रणा आत आहे, हे वैमानिकांना सांगितलंच नव्हतं. पुढे १० मार्च २०१९ला इथिओपियात तेच झालं. आणखी १५७ गेले.

इथपर्यंत चित्रपट माझा आहे. पण ‘असं का झालं’ म्हटलं की तो सोपी वाट धरतो. एकेकाळी इंजिनिअरांची चांगली कंपनी होती, १९९७मध्ये मॅकडॉनल डग्लस तिच्यात विलीन झाली, शेअरचा भाव बघणारे आले आणि सगळं बिघडलं. हे खोटं नाही. पण त्यातून आपल्या हाती येतो फक्त एक खलनायक. ९ डॉलरच्या मथळ्यानंही तेच केलं, फक्त बोट दुसऱ्या टोकाकडे दाखवलं. एकाला लोभी साहेब सापडला, दुसऱ्याला स्वस्त मजूर. दोघांच्या मधे जे घडतं त्याकडे कुणी पुरेसं थांबून पाहत नाही.

एमकॅससाठी आपण त्या दोन कंपन्यांवर विसंबलो नव्हतो, असं बोइंगनं सांगितलं. ते मान्य केलं तर गोष्ट जास्तच भीतिदायक होते. विमानाला वाऱ्याचा कोन मोजणारे दोन सेन्सर होते. एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकायची. ही कोड लिहिणाऱ्याची चूक नव्हती, ती मागणीच तशी होती. उलट, दोन सेन्सरांचं जमत नसल्याचा इशारा सगळ्या मॅक्स विमानांत चालायला हवा होता. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तो जादा पैसे देऊन घ्यायच्या एका सोयीला जोडला गेला. बोइंगला हे २०१७मध्ये कळलं, आणि दुरुस्ती २०२०वर ढकलली गेली.

या मधल्या जागेबद्दल बोइंगच्याच एका इंजिनिअरनं, जॉन हार्ट-स्मिथ यांनी, २००१मध्ये एक निबंध वाचला होता. माझ्या मते तो या चित्रपटापेक्षा धीट आहे, कारण त्यात खलनायक नाही, हिशोब आहे. काम नजरेआड केलं म्हणून त्याचा खर्च नाहीसा होत नाही. मूळ कंपनीचा दर्जा तिच्या सगळ्यात कच्च्या पुरवठादाराच्या वर जाऊ शकत नाही. त्यानंतर त्याच कंपनीनं ७८७ विमानाच्या रचनेचे मोठाले भाग जगभर वाटले, आणि पहिलं विमान ग्राहकाच्या हाती तीनहून जास्त वर्षं उशिरा पडलं.

माझं उत्तर मात्र मला चित्रपटात मिळालं नाही. बातमीच्या आदल्या वर्षी मी एका परदेशी कंपनीच्या सलाइन पंपाचं सॉफ्टवेअर तपासत होते. सेन्सरनं चुकीचा आकडा दिला तर काय, हे कागदात कुठेच नव्हतं. मी लीडला विचारलं.

“स्पेकमध्ये आहे का?”

“नाही.”

“मग चेंज रिक्वेस्ट होईल. क्लायंट पैसे देणार नाही. टेस्ट पास आहे ना?”

टेस्ट पास होती. मी तसं लिहिलं आणि सहाची बस पकडली.