निरोप न घेतलेल्या घरातून

लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू यरुशलेमला जायचं ठरवतो. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते त्याला पुरतं ठाऊक आहे, तरी तोंड त्याच दिशेला. वाटेत तिघे जण भेटतात. त्यांतला शेवटचा म्हणतो, येतो मी, पण आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्याला मिळणारं उत्तर कडक आहे: नांगराला हात घालून मागे बघणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही. जुन्या करारात एलियानं अलीशाला एवढं तोडून टाकलं नव्हतं. अलीशा खरोखरच नांगर धरून होता. त्याला आईबापांचं चुंबन घ्यायला सवड मिळाली, आणि बैल कापून गावजेवण घालायलाही. येशूच्या वाटेवर तेवढीही सवड नाही.

कॅथलिक पंचांगात हा उतारा दर तीन वर्षांनी, साधारण जूनच्या अखेरीस, रविवारच्या मिस्साला येतो. त्या दिवसांत भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात आणि एरवी आठवडा आठवडा समुद्रावर असणारे पुरुष घरी असतात. भाईंदरला, डोंगरीला, उत्तनला, कुठेही ऐका, या उताऱ्यावरचं प्रवचन नांगर धरणाऱ्यासाठीच असतं: ठाम राहा, डगमगू नका, देवानं नेमून दिलेलं काम सोडू नका. समोरच्या बाकांवर बसलेल्या बायका मान डोलावतात. होडी गेली की घर, बाजार, हप्ते, आजारपण सगळं त्याच ओढतात, पण त्यांच्या बाजूनं हा उतारा कुणी वाचत नाही. तो माणूस निरोप न घेताच गेला असेल, तर त्याच्या घरात पुढे काय झालं? लूक ते सांगत नाही.

मराठीत ते सांगणारं एक पुस्तक आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं. मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत ते गणलं जातं. स्त्रीजीवनाचं चित्रण म्हणून, विनोदाचा नमुना म्हणून, गद्याचा आदर्श म्हणून त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ते नांगराच्या मागे राहिलेल्या घराची कैफियत म्हणून वाचायला आवडतं. ईश्वरी कार्याला वाहून घेणं म्हणजे काय असतं, हे जो वाहून घेतो त्याच्यापेक्षा ज्याच्या अंगावर ते येऊन आदळतं तो जास्त अचूक सांगतो, असं मला या पुस्तकानं पटवलं.

नांगर धरणारा कोण, ते थोडक्यात सांगतो. नारायण वामन टिळक, जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी, कीर्तनकार, शीघ्रकोपी, खिशात पैसा न टिकणारा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. मग ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाशी निनावी पत्रव्यवहार, वाद, शंका; आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. बायको आणि चार वर्षांचा मुलगा दत्तू माहेरच्या माणसांत. त्यांचा निरोप घेणं राहून गेलं.

आता पुस्तकाकडे येऊ. पहिली गोष्ट जाणवते ती ही की लक्ष्मीबाई नवऱ्याला सबंध पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. त्या काळच्या बाईनं लिहिताना ‘इकडून’, ‘स्वारी’ असलं काही वापरलं असतं, तर आपल्याला एक पतिव्रता दिसली असती आणि तिच्या पदराआड एक संत. नुसतं आडनाव घेतल्यानं टिळक त्यांच्यापासून हातभर दूर उभे राहतात आणि पायापासून डोक्यापर्यंत दिसतात. रागावून निघून जाणारे टिळक, घरात दाणा नसताना भुकेल्याला घेऊन येणारे टिळक, लहान मुलासारखे रडणारे टिळक. भक्तिचरित्रांत नायकाचा निश्चय पहिल्या पानापासून पोलादी असतो. इथला नायक शंभर ठिकाणी डळमळतो, चिडतो, विसरतो. त्याचा निश्चय कळतो तो केवळ एका गोष्टीवरून: एवढं सगळं होऊनही तो त्या एका दिशेनं सरकतच राहतो. लक्ष्मीबाई हे कुठे सांगत नाहीत, पानं उलटताना ते साठत जातं.

दुसरी गोष्ट रचनेची. पुस्तकाची सुरुवात टिळकांपासून होत नाही, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते. १८५७च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थाला सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या धुण्यापुसण्याखाली बायको आणि मुलं पिचून गेली. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. पण लेखिकेनं हा प्रसंग दारातच का मांडला, ते फार पुढे कळतं.

बाप्तिस्म्याची बातमी येते तेव्हाची पानं मी निवडून वाचायला सांगेन. मोठं दुःख सांगायला लक्ष्मीबाईंकडे मोठे शब्द नाहीत, आणि ते त्यांनी उसनेही आणले नाहीत. वेड लागायची पाळी आलेली बाई, तिच्यावर नजर ठेवून असलेली माणसं, सहानुभूती दाखवायला येऊन जखम उकरून जाणारे शेजारी, आणि या सगळ्यात पाय ओढणारं एक मूल. वाक्यं तुटक, क्रियापदं साधी. नवऱ्याला दोष देणारं एक भाषण तिथे सहज बसलं असतं, आणि त्याला क्षमा करून मोठं होणारंही. दोन्ही नाहीत. याच दुःखात त्या कविता करू लागल्या. लग्नानंतर नवऱ्यानं जेमतेम अक्षरओळख करून दिलेली ही बाई, तो सोडून गेल्यावर त्याच अक्षरांचा आधार घेते. यातली गंमत त्यांना दिसली नसेल असं वाटत नाही, पण त्या ती आपल्याला बोट दाखवून दाखवत नाहीत.

मग काही वर्षांचा दुरावा, आणि त्यानंतर त्या टिळकांकडे राहायला जातात. धर्म बदलण्यासाठी नव्हे. एकाच संसारात दोन चुली, पाणी वेगळं, शिवाशीव कडक. टिळकांनी सक्ती केली नाही. मला या पुस्तकातला सगळ्यात श्रीमंत भाग हाच वाटतो. परमेश्वराच्या कामाला निघालेला माणूस इथे घरात बसून वाट बघतो आहे. एरवी रागाच्या भरात घर सोडणारा हा माणूस, जिथे त्याचा सगळा जीव गुंतला आहे तिथे गप्प राहतो. बायकोनं आपल्या मागून यावं ही इच्छा त्यानं गिळली, आणि ती तिच्या पायांनी येईपर्यंत थांबला. यरुशलेमच्या वाटेवरची ही पायरी प्रवचनांत फारशी येत नाही. दिशा न सोडता दुसऱ्यासाठी थांबणं हे चालण्यापेक्षा अवघड असतं, आणि टिळकांसारख्या अधीर माणसाला तर फारच.

आणि ती आली कशी? नवा करार वाचून नाही, वादात हरून नाही. एकदा विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला की या जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं पशू केले, पक्षी केले, बाई केली, पुरुष केला. ब्राह्मण आणि महार त्यानं वेगळे घडवल्याची खूण माणसाच्या अंगावर कुठे दिसते? उत्तर मिळालं त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. इथे पहिल्या प्रकरणातलं ते धुणं आठवतं. वडिलांनी जन्मभर जे धुऊन धुऊन घराबाहेर ठेवलं, ते मुलीनं एका विचारासरशी घरात घेतलं. तिचा खरा धर्मबदल इथे झाला. १९००चा बाप्तिस्मा त्यानंतर आला, आणि वाचताना तो सरळ पुढची पायरी वाटतो. टिळकांची वाट ग्रंथातून गेली, हिची पाण्याच्या भांड्यातून. दोघं एकाच ठिकाणी पोचले, पण ती त्याच्या मागे मागे चालत पोचली असं म्हणणं अन्यायाचं होईल.

आमच्या उत्तन-भाईंदरच्या ख्रिस्ती वाचकाला हे वाचताना थोडं परकंही वाटतं, हे कबूल करायला हवं. इथल्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना, आगरातल्या माणसांना ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज काळात मिळाला, म्हणजे आज तो वारशानं आलेला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं इथला धारावीचा किल्ला घेतला, पाठोपाठ वसई पडली. युरोपीय पाद्री गेले. लोक मात्र आपले सण, आपल्या ओव्या, आपला क्रूस घेऊन राहिले. त्या राहण्यातही निश्चय होता, पण तो गावानं मिळून केलेला. एकेकट्यानं घर फोडून करायचा निश्चय त्यांच्या वाट्याला आला नाही. म्हणून टिळकांच्या घरातली ती दोन चुलींची वर्षं आम्हांला विशेष शिकवतात. जिथे सगळं गाव एका घंटेला उठतं, तिथे श्रद्धेची किंमत कुणी मोजून दाखवत नाही.

पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं की मागचं विसरून पुढच्या लक्ष्याकडे धावतो. लक्ष्मीबाईंचं पुस्तक म्हणजे सगळं मागचंच आहे. त्यांना काहीही विसरता येत नाही: कोण काय बोललं, कुठल्या घरात काय शिजलं, टिळक कुठल्या गोष्टीवरून चिडले. पौलाच्या शिस्तीत हे बसत नाही. तरीही मागे बघण्यानं त्यांचे पाय अडकत नाहीत, कारण मागचा हिशेब चुकता करून घ्यायचा त्यांचा हेतूच नाही. रुसवा टिकवून ठेवणारी स्मृती वेगळी आणि ही वेगळी. यांच्या आठवणीत राग आहे, रुसवा नाही.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्त या देशात पाहुण्यासारखा न येता घरच्यासारखा यावा, अभंगातून, कीर्तनातून यावा, ही त्यांची आयुष्यभराची ओढ होती, आणि दरबार हे तिचं शेवटचं रूप. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एकदा नांगर, पुन्हा बांधलेला संसार मोकळा. ही पानं मला दुसऱ्या कुठल्याही पानांपेक्षा अधिक हसवतात आणि अधिक अस्वस्थ करतात. संन्याशाच्या बायकोनं काय करायचं असतं, याचं उत्तर कुठल्याच धर्माच्या पुस्तकात नाही. यावेळी मात्र निरोपाचा प्रश्न उरला नव्हता, कारण ती बरोबर होती. दरबाराला फार आयुष्य लाभलं नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक गेले.

मागे राहिलं ते ‘ख्रिस्तायन’. थॉमस स्टीफन्सच्या १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर तीनशे वर्षांनी ख्रिस्ताचं सगळं चरित्र मराठी काव्यात आणायचा हा टिळकांचा संकल्प. पण दहा-अकरा अध्यायांवर काम थांबलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या, आणि ग्रंथ १९३८मध्ये छापून आला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं, साठी ओलांडताना, मराठीतल्या एका मान्यवर कवीचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य पुरं केलं. मागे वळून बघणाऱ्याला नांगर चालवता येत नाही म्हणतात. या शेताचा मोठा हिस्सा तर मागे वळून बघणारीनंच नांगरला.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सगळीकडे एकसारखं नाही. टिळकांचे अध्याय आणि लक्ष्मीबाईंचे अध्याय यांत उंचीचा फरक पडतो, आणि पुष्कळ ठिकाणी कथा नेटानं पुढे ढकललेली जाणवते. त्यांची कविता त्यांच्या गद्याच्या जवळपासही येत नाही, असं माझं मत आहे. ‘स्मृतिचित्रे’तला चौथा भागही पहिल्या तीन भागांसारखा भरलेला नाही. तेव्हा नव्यानं वाचायला घेणाऱ्यानं ‘स्मृतिचित्रे’ सलग वाचावं, सोवळ्याचं पहिलं प्रकरण अजिबात गाळू नये, आणि ‘ख्रिस्तायन’ नंतर, जिथून लक्ष्मीबाईंचा हात सुरू होतो तिथून उघडावं. टिळकांचे अध्याय चांगलेच आहेत, ते मागाहून वाचले तरी चालतील.