खरखर बाहेरची की घरची?

रेडिओतील खरखर समजावताना आपण बहुधा आकाशातील वीज, मोटार आणि ट्यूबलाइट यांची नावे घेतो. बीड जिल्ह्यात त्यांत बालाघाटच्या डोंगरांची भर पडते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु यादी अपुरी आहे, असा आमचा आक्षेप आहे. खुद्द रेडिओचे नाव तिच्यात नसते.

स्कॅनरच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. स्कॅनर म्हणजे एकेक वारंवारता ओळीने तपासत जाणारा आणि लहर सापडताच थांबणारा रेडिओ. त्याच्या आत ऑसिलेटर असतो, ठरावीक ठोक्यांवर चालणारा मायक्रोप्रोसेसर असतो. ठोके ४ मेगाहर्ट्झचे असतील, तर त्यांचा २५ वा हार्मोनिक १०० मेगाहर्ट्झवर येतो. स्कॅनर तेथे थांबतो, पण बोलणे काहीच ऐकू येत नाही. त्याने स्वतःचीच लहर पकडलेली असते.

वर्गात हे दाखवता येते. काट्याचे दोन जुने एफएम रेडिओ घ्या. बीडचे आकाशवाणी केंद्र १०२.९ वर आहे; त्यापासून दूर, रिकाम्या जागी, समजा १०५ वर पहिला रेडिओ लावा. नुसती खरखर ऐकू येईल. दुसरा अगदी जवळ ठेवून ९४.३ च्या आसपास काटा सावकाश फिरवा. एका ठिकाणी पहिल्याची खरखर एकदम दबेल. अशा रेडिओतील ऑसिलेटर बहुधा लावलेल्या वारंवारतेहून १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो; ९४.३ अधिक १०.७ म्हणजे १०५. नव्या चिपच्या रेडिओत रचना वेगळी असल्याने हा प्रयोग साधेलच असे नाही.

दुसरा आक्षेप नेहमीच्या कसोटीवर. एरियल काढल्यावर अडथळा गेला, तर तो बाहेरचा, असे सांगितले जाते. पण पेटीतून निसटलेली लहर त्याच एरियलमधून परत आत शिरू शकते. म्हणून कोअ‍ॅक्सिअल केबल जोडून एरियल चार-पाच मीटर दूर न्यावे. अडथळा घटला, तर आधी पेटीवर संशय घ्यावा. उपाय उगमाजवळ करावा: प्रोसेसरच्या पुरवठ्याच्या पायाशी ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तारांवर फेराइटचे मणी आणि भोवती धातूची पेटी. झाकणाची लांब फट लहान भोकांपेक्षा जास्त गळते, हेही ध्यानात ठेवावे.

नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. आकाशातील क्षीण लहरी टिपण्यासाठी तेथे स्वतःच्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला धातूचे कवच घालावे लागते. पेंझियास आणि विल्सन यांना १९६४ मध्ये न्यू जर्सीत न हटणारी खरखर आढळली, तेव्हा त्यांनी अँटेनाचे सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने झाकले, कबुतरांची घाणही काढली. तरीही ती उरली. आपल्या उपकरणाची अशी झडती घेतलेली होती, म्हणूनच ती विश्वाची खरखर म्हणून मान्य होऊ शकली.

विद्यार्थ्याने ‘हा आवाज कुठून येतो?’ असे विचारले, तर डोंगराकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याच्या हाती दुसरा रेडिओ द्यावा, एवढीच आमची सूचना आहे.