दोन सामन्यांमधले तीन दिवस

(शनिशिंगणापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल, बाद फेरीचं वेळापत्रक हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तारखा लावणारा माणूस कचेरीत, गोलंदाज मैदानात. माझं म्हणणं असं, की कर्णधाराच्या आधी ही तारखा लावणारी मंडळीच गोलंदाज निवडून मोकळी झालेली असतात. आपण मात्र दमलेल्या गोलंदाजाची जिगर मोजतो, त्याच्या मागच्या सामन्याची तारीख बघत नाही.

घरचंच उदाहरण घेऊ. मार्च २०२४, रणजी करंडक. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने २ तारखेला सुरू झाले. मुंबईनं तामिळनाडूला तिसऱ्याच दिवशी, एक डाव ७० धावांनी हरवलं. तिकडे नागपूरला विदर्भ आणि मध्य प्रदेशचा सामना पाचव्या दिवसापर्यंत ताणला गेला. ६ तारखेला उरलेले बळी काढून विदर्भ ६२ धावांनी जिंकला. अंतिम सामना वानखेडेवर, १० तारखेला. आता बोटं मोजा. मुंबईला मधे पाच दिवस मिळाले, विदर्भाला तीन. त्या तिनातच नागपूर ते मुंबई प्रवास आला. मुंबईचे दोन जादा दिवस कुणी दान दिलेले नाहीत, ते त्यांनी लवकर जिंकून कमावले. हे खरंच आहे. पण मधलं अंतरच इतकं तोकडं ठेवलं की दोन दिवसांचं मोल भलतंच वाढतं.

विदर्भानं नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. निर्णय वाईट नव्हता, मुंबई २२४ मध्ये आटोपली. घोटाळा पुढे झाला. विदर्भाचा डाव १०५ वर संपला, आणि जे नुकतेच घाम पुसून बसले होते त्यांच्या हातात दुसऱ्याच दिवशी पुन्हा चेंडू. मुंबईनं ४१८ केल्या. त्या डावात पाच बळी घेतले हर्ष दुबेनं, म्हणजे फिरकी गोलंदाजानं. मुंबईसाठी शेवटच्या डावात चार बळी घेणारा तनुष कोटियनही फिरकीच टाकतो. खेळपट्टी जुनी झाली की फिरकी चालतेच, त्यात नवल नाही. पण विश्रांती कमी असली की फिरकीवाल्याकडे आणखी एक काम येतं, दुसऱ्याचे पाय वाचवण्याचं. धावफलकात त्याला रकाना नसतो. विदर्भ १६९ धावांनी हरला. थकव्यानंच हरला, असं मी म्हणणार नाही; १०५ चा हिशेब फलंदाजांनी द्यायचा आहे.

त्याच उपांत्य सामन्यात शतक ठोकल्यावर पालघरचा शार्दूल ठाकूर बोलला होता, की दोन सामन्यांत तीनच दिवस ठेवून दहा सामने खेळवले तर मुलं जायबंदी होतील. काहींना ती कुरकुर वाटली. मला ती त्या मोसमातली सगळ्यात चांगली समीक्षा वाटते. पुढच्या मोसमात रणजी दोन टप्प्यांत विभागली गेली.

अमेरिकेत बेसबॉलवाले हा हिशेब उघड्यावर करतात. तिथे सामना सुरू करणारा पिचर साधारण पाचवर एक पाळीनं येतो, मधे चार दिवस आराम. बाद फेरीत प्रवासाचे मोकळे दिवस येतात, मग पाचाऐवजी चार किंवा तीनच भरवशाचे पिचर फिरवता येतात. म्हणजे सुटीचा एक दिवस वाढला की पाचव्या पिचरची जागा गेली! २०१४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरनं २६ ऑक्टोबरला ११७ चेंडू टाकले आणि मधे दोनच दिवस ठेवून २९ तारखेला, निर्णायक सातव्या सामन्यात, आणखी ६८. त्याचं कौतुक झालंच, पण चेंडूंच्या आणि दिवसांच्या आकड्यासकट झालं. आपल्याकडे कौतुकातून नेमका आकडा गळतो.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंच बघा. २०११ चा विश्वचषक, २१ बळी. ३० मार्चला रात्रीपर्यंत मोहालीत उपांत्य सामना, २ एप्रिलला मुंबईत अंतिम. आशिष नेहराचं बोट मोहालीत मोडलं, दोन दिवसांत ते काय जुळणार? श्रीशांत आला, आठ षटकांत ५२ धावा गेल्या. झहीरच्या पहिल्या पाच षटकांत ६ धावा, उरलेल्या पाचांत ५४. ही दमणूक असं कुणी छातीठोक सांगू नये. समोर जयवर्धने शतक करत होता आणि शेवटी पॉवरप्ले होता. पण त्यापुढचं पान उलटा. सहाच दिवसांनी, ८ एप्रिलला, आयपीएल सुरू. २१ जुलैला लॉर्ड्सची कसोटी, तिथे साडेतेरा षटकं टाकून झहीर मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला, तो त्या मालिकेत परतला नाही. आपण ती मालिका ४-० हरलो. चर्चा कशाची झाली, तर त्याच्या वजनाची आणि तंदुरुस्तीची.

आता आपल्या तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धा. सकाळी साखळी, दुपारी उपांत्य, उजेड जायच्या आत अंतिम आणि बक्षीस. वेगवान टाकणारा एकच पोरगा असतो, तो तिन्ही सामन्यांत पहिलं षटकही टाकतो आणि शेवटचंही. प्रत्येक सामन्यात किती षटकं टाकायची याचा नियम असतो, दिवसभरात किती टाकायची याचा नसतो. गुणलेखकाच्या वहीत तिन्ही सामन्यांची पानं वेगवेगळी असतात. त्या वहीच्या शेवटच्या पानावर गोलंदाजांची नावं लिहून समोर दिवसभराच्या षटकांची बेरीज मांडायला आयोजकांना एक रुपयाही खर्च नाही. यंदाच्या स्पर्धेत तेवढं करून बघा, आणि अंतिम सामन्याच्या नाणेफेकीआधी ते पान दोन्ही कर्णधारांना दाखवा.