चार कोपरे आणि एक ठिपका

ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीने २६ ऑक्टोबर २०१५ रोजी आपलं पहिलं चित्र टिपलं. ही दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली, कॅमेऱ्याला इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाची साथ होती. चित्र अगदी साधं आहे. सगळीकडे काळोख, आत एक तेजस्वी ठिपका आणि चार कोपऱ्यांत चार उजळ डाग.

ठिपका म्हणजे पीकेएस २१५५-३०४, सुमारे दीड अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा. नजर त्याच्यावर खिळते, पण चित्राचा खरा अर्थ कोपऱ्यांत आहे.

ते डाग आकाशातले नाहीत. कॅमेऱ्यातच कोपऱ्यांत लोह-५५ हे किरणोत्सारी द्रव्य मुद्दाम बसवलेलं आहे. कारण अवकाशातले प्रोटॉन कॅमेऱ्याच्या चिपमधले सिलिकॉनचे अणू जागचे हलवतात. चिपमधला विद्युतभार हातोहात बादल्या सरकवाव्यात तसा एका पिक्सेलमधून दुसऱ्यात जातो, आणि अशा प्रत्येक बिघडलेल्या जागी त्यातला थोडा अडकतो. मग क्ष-किरणाची ऊर्जा कमी भासते. काही पिक्सेल तर प्रकाश नसतानाही चमकू लागतात. म्हणून चिप उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गार ठेवतात. लोह-५५ च्या क्ष-किरणांची ऊर्जा पक्की ठाऊक आहे, ५.९ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. कोपऱ्यांतलं मोजमाप तिथून घसरलं, की चिप किती झिजली ते कळतं.

काळोखही आपोआप आलेला नाही. क्ष-किरण एक ते चार पिक्सेलांत मावतो, विश्वकिरणातला कण मात्र लांब ओरखडा काढून जातो. आकारावरून ओळखून असे ओरखडे वगळले जातात.

१९५० च्या दशकात हीच टाटा संस्था मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तेव्हा तिथले संशोधक फुग्यांतून प्रकाशलेपाच्या (फोटोग्राफिक इमल्शनच्या) पट्ट्या उंच आकाशात पाठवत आणि विश्वकिरणांच्या याच रेघा सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास वाचत. त्यांच्यासाठी ती रेघ हेच चित्र होतं. प्रश्न बदलला आणि तीच रेघ दोष ठरली.

आपली झीज मोजायची पट्टी चौकटीतच ठेवणारं हे चित्र मला म्हणूनच थोर वाटतं. त्याचं सौंदर्य त्याच्या सचोटीत आहे. ते पाहायचं असेल, तर कोपरे कापलेली प्रत घेऊ नका.