शेवट माहीत नसलेली भूमिका

ऑगस्ट २०२५ मध्ये मराठी मालिकांनी पंधरा दिवसांच्या आत तीन जुनीजाणती माणसं गमावली. १६ तारखेला ज्योती चांदेकर, १८ तारखेला अच्युत पोतदार आणि २८ तारखेला बाळ कर्वे. मृत्युलेख भरभरून आले. चांदेकरांना ‘ठरलं तर मग’मधली पूर्णा आजी म्हणून निरोप मिळाला, कर्व्यांना ‘चिमणराव’मधला गुंड्याभाऊ म्हणून. सैन्य आणि इंडियन ऑइल अशा नोकऱ्या करून चाळिशीनंतर कॅमेऱ्यासमोर आलेल्या आणि मग सव्वाशेहून अधिक चित्रपट केलेल्या पोतदारांचं सगळं काम ‘थ्री इडियट्स’मधल्या प्राध्यापकाच्या एका प्रश्नात कोंबलं गेलं. ‘माझा होशील ना’मधले त्यांचे आप्पा कुठे आलेच, तर यादीतलं एक नाव म्हणून. ही माणसं अभिनय कसा करत होती, याबद्दल मी वाचलेल्या एकाही लेखात एक धड वाक्य नव्हतं. हा लेख त्या संतापातून लिहितो आहे.

मालिका हा समीक्षेच्या लायकीचा विषय नाही, असं आपण कधी जाहीरपणे न बोलता ठरवून टाकलं आहे. नाटकाचा पहिला प्रयोग झाला की आठवड्याभरात परीक्षण येतं. चित्रपटाला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तारे मिळतात. वर्षानुवर्षं रोज घराघरांत जाणाऱ्या भूमिकेबद्दल मात्र टीआरपीचा आकडा आणि पुढच्या वळणाची बातमी एवढंच छापलं जातं. ‘चिमणराव’, ‘दामिनी’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ हे टप्पे वाचकांना ठाऊक आहेत, ते पुन्हा मोजत बसत नाही. माझं म्हणणं इतकंच, की दैनंदिन मालिकेतला अभिनय ही स्वतंत्र कला आहे आणि आपल्याकडे ती सगळ्यात चांगली जमली आहे ज्येष्ठ, रंगभूमीवर घडलेल्या नटांना.

रोहिणी हट्टंगडी यांचं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या ओकांची ही मुलगी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिकली. काबुकी आणि यक्षगान या दोन टोकाच्या शैली तिने अंगात मुरवल्या. ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळालं, ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सारांश’मधली मुलगा गमावलेली वृद्ध आई त्यांनी तिशीच्या सुरुवातीला केली. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि प्रत्यक्षात त्या त्यांच्याहून आठ वर्षांहून अधिक लहान आहेत. इथपर्यंतचा आलेख प्रत्येक मुलाखतीत येतो. त्यानंतर मुलाखतकार घाईघाईने म्हणतो, ‘आणि मालिकाही केल्या.’

त्या ‘मालिकाही’मध्ये ‘चार दिवस सासूचे’ आहे. २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग. आशा देशमुख ही एकच बाई अकरा वर्षांहून जास्त काळ सांभाळायची, तेही समोर कविता लाड यांच्यासारखी तोलामोलाची अभिनेत्री असताना. हे काम किती अवघड आहे ते नीट समजून घ्यायला हवं. नाटकातल्या नटाला तिसरा अंक माहीत असतो. शेवटी आपलं पात्र कोसळणार आहे हे ठाऊक असल्यामुळे पहिल्या अंकात कुठे किती राखून ठेवायचं, हे तो महिनाभर तालमीत ठरवतो. चित्रपटाच्या नटाच्या हातात पूर्ण पटकथा असते. मालिकेतल्या नटाला यातलं काहीच मिळत नाही, कारण शेवट लेखकालाच माहीत नसतो. गुरुवारी आकडे येतात, ट्रॅक वळतो, काल प्रेमळ असलेली सासू आज संशयी होते. उद्या काय होणार हे माहीत नसताना आज जे खरं वाटलं ते उद्याही खोटं ठरू नये, असं वागायचं असतं. त्यासाठी पात्राचा कणा नटाने स्वतःच्या मनात घडवून ठेवावा लागतो, लेखकाच्या भरवशावर राहून चालत नाही.

हट्टंगडी हा कणा कसा घडवतात, ते पाहण्यासारखं आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली त्यांची आईआजी घ्या. दिवाणखान्यात सगळं घर जमलेलं, कुणीतरी एखादं गुपित फोडतं, मग पार्श्वसंगीत उसळतं आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो. असा प्रसंग मालिकेत आठवड्याला दोनदा तरी येतो. रिअ‍ॅक्शन देताना बहुतेकजण डोळे मोठे करतात, श्वास ओढतात, मान झटकतात. आईआजी बहुतेक वेळा फक्त थांबते. बोलणाऱ्याचं वाक्य पुरतं आत गेल्यावर तिची नजर वळते, आणि ती घाई न करता बोलते. त्या थांबण्यात घरातला तिचा अधिकार प्रस्थापित होतो; तो संवादात लिहिलेला असण्याची गरज उरत नाही. यक्षगानातला भव्य आवाका ज्या अंगाला माहीत आहे, तेच अंग क्लोजअपमध्ये इतकं कमी करू शकतं. शेकडो भागांत हे संयमाचं माप सुटलं नाही. रंगमंचावर कुणी एवढं सातत्य दाखवलं असतं, तर त्यावर प्रबंध झाले असते.

ज्योती चांदेकरांची जातकुळी हीच. ‘मी सिंधुताई सपकाळ’ या चित्रपटात तरुणपणीची सिंधुताई तेजस्विनी पंडित आणि उतारवयातली ज्योतीताई. मायलेकींनी मिळून एकच आयुष्य उभं केलं. पूर्णा आजीत त्यांनी करारीपणाखाली सतत एक दुखावलेपण वाहतं ठेवलं होतं, म्हणून ती आजी चिडली तरी परकी वाटली नाही. ‘अग्निहोत्र’मधले विक्रम गोखले याच परंपरेतले, नटाने वाक्याआधी घेतलेला विराम हाही संवादच असतो, हे त्यांनी मालिकेच्या प्रेक्षकाला शिकवलं.

बाकीच्या प्रवाहांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ऐतिहासिक-पौराणिक मालिकांत वेशभूषाच अभिनय करते. विनोदी कार्यक्रमांनी चांगल्या नटांना ओरडायची सवय लावली आहे. वेब मालिकांचं कौतुक पुरेसं होतं आहे, त्यात माझी भर नको.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जी माणसं ही कला जाणतात, त्यांच्याकडून आपण काय करून घेतो? फिल्मसिटी, मढ किंवा घोडबंदर रोडच्या सेटवर दिवसाची शिफ्ट बारा-तेरा तास चालते. आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली असते, आज चित्रित झालेलं उद्या-परवा दाखवायचं असतं. सीनचे कागद सेटवर येतात तेव्हा कधीकधी मेकअपही झालेला असतो. साठी-सत्तरीच्या नटाने ते वाचायचे, पाठ करायचे, तीन कॅमेऱ्यांसमोर उभं राहायचं आणि त्याच प्रसंगातल्या रिअ‍ॅक्शन पुन्हा वेगळ्या द्यायच्या. आणि लिहिलेलं असतं काय? आजीने देवघरात निरांजन लावायचं, सुनेला आशीर्वाद द्यायचा आणि गुपित ऐकून छातीवर हात ठेवायचा. आयुष्यभर कमावलेलं कसब भिंतीवरच्या तसबिरीसारखं वापरलं जातं. मालिकेत आजी-आजोबा हवेत, कारण कुटुंब भरलेलं दिसतं. त्यांना स्वतःची इच्छा, स्वतःचं प्रेम, स्वतःचा पैसा, स्वतःची चूक असावी असं क्वचितच कुणाला वाटतं. ‘अग्गंबाई सासूबाई’ने सासूचं लग्न लावून एक दार उघडलं होतं. त्या दारातून पुढे फारसं कुणी गेलं नाही.

कोविडकाळात तर ज्येष्ठ नटांशी असलेल्या आपल्या नात्याचं खरं रूप उघडं पडलं. ३० मे २०२० रोजी राज्य सरकारने चित्रीकरणाची नियमावली काढली आणि पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर बंदी घातली. सत्तरीतल्या एका कलाकाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. निकाल योग्यच होता. काम हा त्यांचा हक्क आहे. पण हक्काबरोबर संरक्षण यायला हवं होतं. २२ सप्टेंबरला साताऱ्यात आशालता वाबगावकर गेल्या. ‘मत्स्यगंधा’ नाटकातली सत्यवती गाऊन-जगून दाखवणारी ही गोव्याची गुणी अभिनेत्री एकोणऐंशीव्या वर्षी ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणाला गेली होती, आणि तिथे तिला कोविडची लागण झाली. आपण हळहळलो, जुनी नाट्यगीतं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पुढचा एपिसोड पाहिला. वृद्ध नटाने किती तास काम करावं, संहिता त्याला किती आधी मिळावी, सेटवर डॉक्टर असावा की नाही, यावर जी जोरदार चर्चा तेव्हाच व्हायला हवी होती, ती झाली नाही. यात वाहिन्यांचा दोष आहेच. पण त्याहून मोठा दोष आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे. ज्या कामाला कुणी कला मानत नाही, ते करणाऱ्याच्या वेळेची आणि जिवाची किंमतही कुणी मोजत नाही.

आणखी एक नुकसान कायमचं आहे. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, पण आज कुणा तरुण नटाला तो अभ्यासायचा म्हटलं तर सगळी मालिका सलग पाहायला मिळत नाही. हट्टंगडींच्या तीन हजार भागांचं तसं होऊ द्यायचं का? नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांत त्यांतले निवडक भाग दाखवून त्यावर बोललं गेलं, तर नव्या नटाला कॅमेऱ्यासमोर कमी कसं करावं हे दहा कार्यशाळांहून अधिक कळेल.

म्हणून तीन मागण्या करतो. वृत्तपत्रांनी महिन्यातून एकदा तरी मालिकेतल्या एका भूमिकेचं गंभीर परीक्षण छापावं, वळणांच्या बातम्या सोडून. वाहिन्यांनी पासष्टीपुढच्या कलाकारांच्या करारात कामाच्या तासांची मर्यादा आणि आदल्या दिवशी संहिता मिळण्याची हमी लिहावी. आणि लेखकांनी आजीला एकदा तरी देवघराबाहेर काढून तिला काहीतरी हवं असल्याचा प्रसंग लिहावा. हे नट तो पेलतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं असेल तर ते काम करत आहेत तोवर लिहा.